नव्या गाडीवर वरचा खर्च: मुंबईत कशावर करावा, कशावर करू नये

गेल्या दसऱ्याच्या आधी भाच्याने पहिली गाडी बुक केली. कोटेशनचा फोटो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे सगळं घ्यावंच लागतं का?" एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, फास्टॅग इथपर्यंत ठीक होतं. त्याखाली ४६,००० रुपयांची आणखी एक यादी होती: अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक कोटिंग, सीट कव्हर, सेव्हन-डी मॅट, फ्लोअर लॅमिनेशन, 'बेसिक किट' आणि असंच काही. घरातली पहिली गाडी. एवढे लाख घातले तर आणखी चाळीस-पन्नास हजारांचं काय, असं सगळ्यांनाच वाटत होतं. अशा यादीवर सही होते ती याच क्षणी.

आम्ही दोन संध्याकाळी बसून ती ओळ-न्-ओळ तपासली. निम्म्याहून जास्त गोष्टी काढल्या, यादीत नसलेल्या दोन-तीन घातल्या. तेव्हा जे केलं तेच इथे क्रमाने लिहितोय, कारण यंदा ओळखीतली आणखी तीन घरं गाडी घ्यायच्या तयारीत आहेत आणि प्रश्न तेच आहेत.

पहिली पायरी: गाडी रात्री कुठे उभी राहणार?

शोरूमची यादी सगळ्यांना एकच मिळते. तुमची गरज मात्र पार्किंगच्या जागेवर ठरते. म्हणून खरेदीच्या आधी एकदा त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि वर, खाली, आजूबाजूला बघा.

झाडाखाली उघड्यावर जागा असेल तर कबुतरं, कावळे, चीक आणि ऊन हे शत्रू. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळली की रंगावर डाग कोरते. ती त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढायची, घासायची नाही.

पोडियमखाली किंवा तळघरात जागा असेल तर छताकडे बघा. मुंबईतल्या कितीतरी इमारतींत स्लॅबमधून पावसाचं पाणी झिरपतं आणि त्यातून सिमेंटमधला चुना थेंबाथेंबाने बोनेटवर पडतो. तो वाळून दगडासारखा पांढरा थर होतो. ताजा असताना पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो. महिनाभर राहिला तर खालच्या क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, खूण सोडतो. यावर कुठलंही कोटिंग पुरं पडत नाही. थेंब पडतो तिथे पन्हाळीसारखा पत्रा लावून घ्यायचा आणि सोसायटीला लेखी अर्ज द्यायचा. माझ्या जुन्या गाडीच्या टपावर असे सात डाग होते, आणि पत्र्याचा खर्च आला ९०० रुपये.

स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक सोय, असेल तर पॅलेटची उंची आणि वजनाची मर्यादा लिहून घ्या. टपावर कॅरिअर बसवायचा विचार असेल तर तो इथेच संपू शकतो. कचराकुंडीजवळ जागा असेल तर उंदीर बोनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. गाडीत खाऊचे पुडे ठेवायचे नाहीत आणि दर आठवड्याला बोनेट उघडून बघायचं.

जागा वरळी, वर्सोवा किंवा मरीन ड्राइव्हसारखी समुद्राला लागून असेल तर खाऱ्या हवेचा विचार करावा लागतो. त्याकडे पुढे येतो.

दुसरी पायरी: कोटेशन फोडून मागा

ऑन-रोड किंमत म्हणून एकच आकडा स्वीकारू नका. प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा आणि ॲक्सेसरीजच्या ओळींना 'ऐच्छिक' असं लिहून घ्या. 'हे किट घेतल्याशिवाय डिलिव्हरी मिळत नाही' असं कुणी म्हणालं तर तेही लेखी मागा. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची सक्ती करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये प्रतिबंधक व्यापार पद्धत मानली आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बहुतेक वेळा शांतपणे लेखी मागितलं की ती ओळ निघून जाते. भांडण करावं लागत नाही.

'२०,००० च्या ॲक्सेसरीज फुकट' अशी ऑफर असेल तर तेवढ्याच तोडीची रोख सूट मागून बघा. त्या २०,००० चा हिशेब छापील किमतीवर असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्सेसरीज कर्जात घालू नका. भाच्याच्या यादीचे ४६,००० नऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात गेले असते तर शेवटी सुमारे ६२,००० भरले असते. सीट कव्हर चार वर्षांत फाटतं, हप्ता मात्र सात वर्षं चालतो.

तिसरी पायरी: आधी विमा, मग बाकी सगळं

गाडीला वाचवणारी सर्वांत मोठी गोष्ट कागदावर असते. तिच्याकडे लोक पाच मिनिटं देतात आणि सीट कव्हरच्या रंगाला अर्धा तास. हे उलटं व्हायला हवं.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असं कुठेही नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, पण तुलना करताना गाडीची घोषित किंमत म्हणजे आयडीव्ही आणि जोडकव्हरं (मूळ पॉलिसीवर जादा पैसे देऊन घ्यायची कव्हरं) सारखीच आहेत ना, ते बघा. नव्या गाडीची आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असू शकतो.

मुंबईसाठी दोन जोडकव्हरं मी घ्यायलाच सांगतो.

पहिलं झीरो डेप, म्हणजे दाव्यातून घसारा कापू न देणारं कव्हर. साध्या पॉलिसीत दावा मंजूर करताना प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात, गाडी अगदी नवी असली तरी. फायबरचे भाग ३० टक्के कापतात. काचेवर काही कापत नाहीत. धातूच्या भागांवर पहिले सहा महिने काही नाही, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १० आणि पुढे चढत्या भाजणीने. आता आपल्या गर्दीत गाडीचं काय फुटतं ते आठवा: बंपर, आरशाचं कव्हर, फॉगलॅम्पची जाळी. सगळं प्लॅस्टिक. १२,००० च्या बंपरला साध्या पॉलिसीत ६,००० आपल्या खिशातून जातात. झीरो डेप असलं तरी सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण भरायची ठरावीक रक्कम, आहेच, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये. वर्षात झीरो डेपचे किती दावे चालतात हेही विचारा. काही कंपन्या दोनच देतात.

दुसरं इंजिन प्रोटेक्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं कारण सांगायला नको. पण त्या दिवसाची गरज नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी तुंबायला भरतीच्या वेळी तासभर जोराचा पाऊस पुरतो. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं आकसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. साधी पॉलिसी पुराचं नुकसान भरते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे इंजिन बिघडलं तर ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारते. हे कव्हर त्यासाठी असतं. तरीही गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा. इंजिन कव्हर असलं तरी काही पॉलिसींमध्ये ही अट असते.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी इंजिन कव्हरऐवजी बॅटरी आणि मोटरचं कव्हर विचारावं. बॅटरीवर लिहिलेलं आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ती सबवेतून गाडी नेण्याची परवानगी नव्हे.

रिटर्न टू इन्व्हॉइस हे तिसरं कव्हर गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर पूर्ण बिलाची रक्कम देतं. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल किंवा कर्ज मोठं असेल तर घ्या. टायर आणि चावीची कव्हरं मला महत्त्वाची वाटत नाहीत.

एक्स्टेंडेड वॉरंटी चांगली गोष्ट आहे, विशेषतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीला. पण बऱ्याच कंपन्यांकडे ती मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही घेता येते, फक्त वेळ जाईल तसा दर वाढतो. डीलरला दरपत्रक मागा आणि घाईने सही न करता वर्षभरात ठरवा.

चौथी पायरी: गंजाची भीती आणि अंडरबॉडी कोटिंग

'मुंबईची हवा खारी, कोटिंग घ्याच,' हे वाक्य प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं. हवा खारी आहे हे खरं. पण आजच्या गाड्यांचे पत्रे मोठ्या प्रमाणात जस्त चढवलेले असतात, सगळा सांगाडा कारखान्यात प्राइमरच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने त्यावर थर चढवतात, आणि चाकांच्या कमानी व जोडांवर पीव्हीसीचं सीलंट असतं. म्हणजे तळाला संरक्षण आधीच आहे. गाडी लिफ्टवर चढवून बघायला मागा; सायलेन्सरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर तांबूस रंग दिसला तर घाबरू नका, तो होतोच.

माझ्या आधीच्या गाडीला मी उत्साहाने एका गॅरेजमध्ये कोटिंग करून घेतलं होतं. फवारणाऱ्याने दारांच्या खालची पाणी निघायची भोकं बुजवली. पहिल्याच पावसात दार उघडलं की आत पाणी डचमळल्याचा आवाज यायचा, आणि चौथ्या वर्षी दोन्ही मागची दारं खालून आतल्या बाजूने गंजली. बाहेरून यायचा तो गंज थांबवायला गेलो आणि आतून बोलावून घेतला.

म्हणून माझा सल्ला असा: नवी गाडी इमारतीच्या आत उभी राहत असेल तर हा खर्च सोडा. समुद्राला लागून उघड्यावर राहत असेल, किंवा कोकणात वारंवार जाणं होत असेल, तर करा. पण आधी कंपनीच्या वॉरंटीवर परिणाम होत नाही हे लेखी घ्या आणि काम चालू असताना उभे राहून भोकं, सायलेन्सर, ब्रेक, चाकांच्या सांध्यांवरची रबरी टोपणं यांवर टेप लावली आहे ना हे बघा. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटांचं पाणी अंगावर घेतलंत तर दोन दिवसांत लिफ्टवर खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. पावसाळ्यात अशा दोन-तीन धुलाया केल्या तर कोटिंगपेक्षा जास्त उपयोग होतो, आणि प्रत्येक वेळी पाचशेच्या आसपास लागतात.

पाचवी पायरी: रंगाचं संरक्षण

इथे आकडे समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. कारखान्यातला एकूण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअरकोट ४०-५०. सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा. पीपीएफ म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, ती १५० ते २०० मायक्रॉनची. यावरून कोण काय थांबवू शकतं ते कळतं. सिरॅमिकने पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. रिक्षाचा पत्रा किंवा मोटरसायकलचं हँडल ते थांबवत नाही. जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलीच्या शिशाच्या मोजपट्टीवरचं माप आहे, हिऱ्यामाणकांच्या नव्हे. टेफ्लॉनचं कोटिंग तर काही महिन्यांत उतरतं. त्यासाठी चार-पाच हजार मोजू नका.

सिरॅमिक चढवण्याआधी 'पेंट करेक्शन' म्हणून पॉलिश करतात. प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअरकोट थोडा झिजतो. कोऱ्या गाडीवर गरज नसताना ते करू देऊ नका.

पीपीएफ खरंच काम करते, हलके ओरखडे उन्हाच्या उष्णतेने भरूनही काढते, पण पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या घरात जातो. मध्यम किमतीच्या गाडीला तो परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तेवढ्या पैशांत दोन बंपर, एक दार असं पुन्हा रंगवून पैसे उरतात. त्याऐवजी तुकड्यांत लावा: दारांच्या कडा, हँडलखालची वाटी, बंपरचे चार कोपरे, डिकीचा उंबरा. मुंबईत ओरखडे याच जागी येतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांत पहाटे एकजण येऊन सगळ्या गाड्या पुसतो. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. दहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात वाळू असते, आणि रंगावर उन्हात दिसणारी ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं तिथूनच येतात. त्यांचा यात दोष नाही, त्यांना तेवढंच सामान दिलेलं असतं. मी सहा मायक्रोफायबर कापडं आणि आमच्या गाडीसाठी वेगळी बादली घेऊन दिली, कोरडी धूळ पुसायची नाही, आधी पाणी ओतायचं असं दादांना नीट समजावलं आणि महिन्याला शंभर रुपये वाढवले. हजार रुपयांत झालेल्या या कामाने रंगाचं जे रक्षण केलं ते २५,००० च्या कोटिंगने केलं नसतं.

बॉडी कव्हरबद्दल एवढंच: गाडीवर धूळ असताना कव्हर ओढणं म्हणजे सँडपेपर फिरवणं. पावसाळ्यात ओलं कव्हर दिवसचे दिवस ठेवू नका.

सहावी पायरी: आतली सजावट

फ्लोअर लॅमिनेशन आधी काढून टाका. कार्पेटवर रेक्झिनसारखा थर चिकटवतात किंवा शिवतात. आपल्या चार महिन्यांच्या पावसात ओले बूट, छत्र्या यांचं पाणी कडेने खाली जातं आणि तिथेच राहतं. वास, बुरशी आणि शेवटी तळाच्या पत्र्याला गंज. गाडीच्या तळाच्या आकाराला शिवलेल्या जाड सेव्हन-डी मॅटचाही धोका हाच, शिवाय काही मॅट जाड असल्याने पेडलखाली सरकतात. रबराची, कडा उचललेली, काढून झटकता येणारी मॅट घ्या, चालकाच्या बाजूची मूळ हुकात अडकवा, आणि एका मॅटवर दुसरी मॅट कधीही टाकू नका.

सीट कव्हर घेताना सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली आहे का बघा. असेल तर बाजूची एअरबॅग तिथूनच फाटून बाहेर येते, आणि साधं घट्ट कव्हर तिला अडवतं. अशा गाडीला त्या जागी सुटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर कव्हर घेऊ नका. कंपनीचं कापड मुळात उकाड्यात रेक्झिनपेक्षा सुखाचं असतं.

सातवी पायरी: वायर कापू देऊ नका

स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, फॉगलॅम्प, डॅशकॅम, काहीही बसवा, पण मूळ वायर कापून जोड देऊ नका. त्या गाडीसाठीचा कपलर मिळतो, तो सॉकेटला सॉकेट लागतो. कापलेली वायर दिसली की कंपनी इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारू शकते, आणि शॉर्टसर्किटने आग लागली तर विम्याचा दावाही अडतो. बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत चढवल्या नाहीत तर त्यांचं नुकसान भरून मिळत नाही. बिलं जपून ठेवा.

काही गोष्टी पैसे असले तरी घेऊ नका. बुल बार किंवा क्रॅश गार्ड लावल्याने धडकेचा जोर चुरगळणाऱ्या भागात न जिरता थेट चासीवर जातो, एअरबॅग चुकीच्या वेळी उघडू शकते, आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते; केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा आदेश आहे, आणि काचेतून पुढे-मागे ७० व बाजूंनी ५० टक्के प्रकाश आलाच पाहिजे असा नियम आहे. नियमांत नंतर बदल झाले असले तरी मी घरच्यांना फिल्म लावू देत नाही. उभ्या गाडीला पुढच्या काचेवर सनशेड लावतो. सीट बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप तर घरात आणूच नका.

आठवी पायरी: काय घ्यायचं आणि कुठून

भाच्याने शेवटी घेतलं ते असं: मडफ्लॅप, पावसात काच बोटभर उघडी ठेवता यावी म्हणून डोअर व्हायझर, रबरी मॅट, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, कोरड्या पावडरचं अग्निशामक, आणि बेल्ट कापायचं टोक असलेला काचफोड्या हातोडा. हातोडा चालकाच्या हाताशी ठेवायचा, डिकीत नाही, आणि मारायचा बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून वाट देत नाही. २००५ च्या पुरात बंद काचांच्या गाड्यांत माणसं गेली. दोन-तीनशे रुपयांची ही वस्तू मी प्रत्येकाला सांगतो.

डॅशकॅम घेतला, पण बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला, कारण बंद गाडीतल्या उन्हात बॅटरी फुगते. आणि दीड वर्षाच्या नातीसाठी आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या कड्यांना थेट अडकणारी, चाइल्ड सीट. सगळ्यात जास्त पैसे तिच्यावर गेले, आणि ते योग्यच होतं.

ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हेच सामान शोरूमपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतं. बिल मागा, आणि बसवायची घाई न करता एक फेरी फक्त भाव विचारायला मारा. मडफ्लॅप आणि व्हायझर मात्र कंपनीचेच घ्या, ते नीट बसतात.

शेवटची पायरी: डिलिव्हरीचा दिवस

पूजेच्या आदल्या दिवशी, उजेडात, यार्डात जाऊन गाडी बघा. चासी नंबर कागदांशी जुळवा, उत्पादनाचा महिना बघा, पाचही टायरवरचा चार आकडी कोड वाचा, ज्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. प्रत्येक दाराची कड, बंपरची फट, छताचा रंग तिरक्या उजेडात तपासा. तुम्ही नको म्हटलेली कुठली ॲक्सेसरी बसवलेली दिसली तर तिथेच काढायला सांगा आणि बिलातून वजा करून घ्या. भाच्याच्या गाडीत लॅमिनेशन केलेलं निघालं, ते त्यांनी दोन तासांत काढून दिलं. मग पहिला जोराचा पाऊस झाला की चारही मॅट उचलून खालच्या कार्पेटवर हात फिरवा, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातही. ओल लागली तर फोटो काढून त्याच आठवड्यात वॉरंटीत दाखवा.